तिसरी पाळी मागून घे

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कापून:

ताई, मी २७ वर्षांची. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग पुण्यात बी.ई. गेली चार वर्षं चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत मशीन शॉपला आहे. माझ्या सेलमध्ये सहा व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ (धातू कापणारी, कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं) आहेत. काम मनापासून आवडतं. गेल्या वर्षी सेटअपचा (एका कामावरून दुसऱ्या कामासाठी मशीन तयार करायचा) वेळ ५० मिनिटांवरून ३५ वर आणला, त्याचं कायझेनचं, म्हणजे कामात केलेल्या सुधारणेचं, सर्टिफिकेटही मिळालं. पण शिफ्ट इनचार्जची जागा निघाली ती माझ्यानंतर वर्षानं लागलेल्या मुलाला दिली. साहेब म्हणाले, "शिफ्ट इनचार्जला तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. लेडीजना थर्ड शिफ्ट देता येत नाही." आता मला सिस्टिम डिपार्टमेंटला घेणार म्हणतात, ऑडिटची कागदपत्रं बघायला. जनरल शिफ्ट, एसी ऑफिस. "तुझं लग्न झालंय, तुझ्याच सोयीचं आहे." लग्नाला आठ महिने झाले. मिस्टर हिंजवडीत आयटीत आहेत. ते म्हणतात, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर आणि इकडेच ये. सासूबाईंना माझ्या कपड्यांना येणारा कूलंटचा (मशीनवर सोडतात त्या थंडाव्याच्या द्रवाचा) वास सहन होत नाही. शॉपमध्ये लेडीज टॉयलेट नाही, ॲडमिन बिल्डिंगपर्यंत जावं लागतं, म्हणून पाणी कमी पिते. वर्षभरात दोनदा युरिन इन्फेक्शन झालं. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येतं ते इथे लिहीत नाही. सगळे म्हणतात एवढी चांगली संधी चालून आलीय. मीच हट्टीपणा करतेय का?
— नाव छापू नये, मोशी

अगं, हट्टीपणा कसला? चार वर्षं लोखंडाच्या किसात उभं राहून जे कमावलंस ते कुणीतरी गोड बोलून काढून घेतंय आणि तुला ते खटकलं, एवढंच झालंय. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. सिस्टिमला जाऊ नकोस. आयटीत जाऊ नकोस, निदान या कारणासाठी तरी नको. आणि साहेबांकडे जाऊन तिसरी पाळी, म्हणजे रात्रपाळी, माग.

हो, माग. हे वाचून सासूबाईंच्या आधी तूच दचकशील, पण जरा ऐक.

कारखान्यात माणूस मोठा कसा होतो ते तू चार वर्षं बघते आहेस. कायझेनच्या सर्टिफिकेटनं होत नाही, ते लॅमिनेट करून भिंतीवर लावायचं असतं. शिफ्ट इनचार्ज झालेल्या माणसाला रात्री अडीच वाजता एकट्यानं निर्णय घ्यावा लागतो. स्पिंडल आवाज करतोय, मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या शॉपला अडकलाय, सकाळी सहाला कस्टमरची गाडी लागणार आहे. मशीन थांबवायचं की चालवायचं? साहेबांना झोपेतून उठवायचं की सकाळी शिव्या खायच्या? अशा रात्री गाठीशी जमल्या की त्या माणसाबद्दल "ह्यानं शॉप सांभाळलंय" असं बोललं जातं. पाच वर्षांनी प्रॉडक्शन मॅनेजरची जागा निघाली की नाव त्याचंच पुढे येतं. तुझ्याबद्दल तेव्हा म्हणतील, "हुशार आहे, पण शिफ्टचा अनुभव नाही." आणि वाईट म्हणजे ते खरंच असेल.

म्हणजे बघ, बाई म्हणून तुला कुणीच नाकारलेलं नसतं. आधी रात्रपाळी नाही, म्हणून इनचार्ज नाही, म्हणून मॅनेजर नाही. प्रत्येक पायरीवर कारण रास्तच वाटतं. १९७४ साली सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) 'महिलांनी अर्ज करू नये' या जाहिरातीवरून जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, ही गोष्ट तुला कॉलेजात दर महिला दिनाला ऐकवली असेल. पन्नास वर्षं झाली त्याला. मेन गेटवर आता मुलींना कुणी अडवत नाही. कॅम्पसला येतात, मुलींना घेतात, वार्षिक अहवालात फोटो छापतात. अडवणूक सुरू होते ती पहिल्या बढतीपाशी, आणि त्यावर पोस्टकार्ड कुणाला पाठवायचं हे कुणी सांगत नाही.

आता साहेबांच्या त्या "देता येत नाही"बद्दल. एकेकाळी ते खरं होतं. १९४८च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामावर ठेवायला मनाई केली होती. राज्याला त्यात थोडी ढील देता यायची, पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ बंदच. महाराष्ट्रानं २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींसह रात्रपाळी खुली केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही तेच आहे: बाईची संमती हवी आणि सुरक्षेच्या अटी पाळायला हव्यात, मग तिला रात्री काम देता येतं. तेव्हा "देता येत नाही" याचा आजचा अर्थ एवढाच की कंपनीला गाडी, सिक्युरिटी आणि टॉयलेट यावर खर्च करायचा नाहीये. साहेब मुद्दाम खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी एचआरकडून ऐकलं तेच ते आजही सांगत असतील. पण त्यांच्या जुन्या माहितीची किंमत तू का भरायची?

अटी मात्र कडक ठेव, त्यात संकोच नको. २००७ साली पुण्यात बीपीओमधल्या एका मुलीला कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरनंच मारलं. तेव्हा तू शाळेत असशील, पण तुझ्या आईला विचार, तिला आठवत असेल. कॅबमध्ये पहिली बसणारी आणि शेवटची उतरणारी बाई नसावी, गाडीत सिक्युरिटी गार्ड असावा, ही पद्धत आयटी-बीपीओत रुळली ती असल्या घटनांनंतर. चाकणच्या कारखान्यानं तेच करायचंय, नवं काही शोधायचं नाहीये. शिवाय आता या पट्ट्यात मुलींच्याच असेंब्ली लाइन आहेत, ट्रेनी मुलींच्या बस पहाटे पहाटे मोशी-भोसरीतून भरभरून जातात. तुमच्याकडेही ट्रेनी मुली असतीलच. हातानं काम करणाऱ्या मुलींसाठी बस निघते, मग शॉप चालवणाऱ्या मुलीसाठी गाडी का निघू नये, हा प्रश्न मीटिंगमध्ये शांतपणे विचारण्यासारखा आहे.

साहेबांशी बोलताना रडगाणं नको आणि भाषणही नको. साधारण असं बोल: "सर, सिस्टिमचा विचार केला. मला प्रॉडक्शनमध्येच राहायचंय. पुढची शिफ्ट इनचार्जची जागा निघेल तेव्हा माझा विचार व्हावा. तिसऱ्या पाळीची माझी लेखी संमती आहे. घरापासून गाडी, पाळीत आणखी एक-दोन महिला आणि शॉपजवळ टॉयलेट, एवढं करावं लागेल." बोलून झालं की त्याच दिवशी हेच चार ओळींत मेल कर, एचआरला सीसीत ठेव. मेलला उत्तर आलं नाही तरी चालेल. उद्या कुणी "तिलाच नको होतं" म्हणालं तर तुझ्याकडे कागद असेल. आपल्याकडे पुष्कळ बायकांनी कधीच नाकारलेल्या बढत्या कंपनीच्या तोंडी इतिहासात "त्यांनी घरगुती कारणानं नाकारली" अशा नोंदवल्या गेल्यात.

आणि ते लग्नाचं. साहेबांनी तुझं बाळंतपण तुझ्याआधीच प्लॅनिंगच्या तक्त्यात भरून टाकलंय. मूल व्हायचं तेव्हा होईल. झालं तर २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि रजेवर असताना काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. गरोदरपणात रात्रपाळी नको असेल तर संमती काढून घे. तोपर्यंतच्या दोन-चार वर्षांत जे शिकायचंय ते कशाला सोडायचं?

सिस्टिमच्या कामाला मी नावं ठेवत नाहीये, गैरसमज नको. आयएटीएफ १६९४९चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, ऑडिट आलं की भल्याभल्यांची झोप उडते, आणि कंट्रोल प्लॅन, एफएमईए (कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता) नीट लिहिता येणारी माणसं कमीच असतात. पण ते काम दोन तऱ्हेचं असतं. कस्टमरकडे जाऊन रिजेक्शनवर उत्तर देणारी, सप्लायरच्या शॉपमध्ये उभं राहून प्रोसेस सुधारून घेणारी क्वालिटी हे उत्तम करिअर आहे. फायली अपडेट ठेवून ऑडिटरला चहा पाजणं हे दुसरं. तुला कुठलं देतायत? विचार त्यांना: माझ्या हाताखाली कोण असेल, कुठला आकडा माझ्या नावावर असेल, आणि दोन वर्षांनी प्रॉडक्शनला परत यायचं म्हटलं तर येता येईल का. तिन्हींची नीट उत्तरं आली तर माझं मत बदलायला मी तयार आहे. "बघू, आधी जॉइन तर कर" आलं, तर समज.

तू कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातली म्हणून एक आठवण करून देते. तिथूनच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचा सत्कार सगळ्यांनी केला. मला मात्र त्यांच्या नोकरीतला पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या मालगाडीवर होत्या, मग लोकल चालवली, आणि २०१०च्या सुमाराला घाटातल्या गाड्या चालवायचं प्रशिक्षण घेतलं. बोरघाटाचा चढ-उतार म्हणजे मागे-पुढे जादा इंजिनं, ब्रेकचं सगळं गणित वेगळं. लोकलवरच राहिल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं, उलट "सोयीचं आहे" म्हणाले असते. पण घाट आला म्हणून २०११ साली डेक्कन क्वीन आली आणि २०२३ साली सोलापूर-मुंबई वंदे भारत. तुझा घाट म्हणजे तिसरी पाळी. (आणि त्या काळच्या इंजिनात टॉयलेट नसायचं, हेही लक्षात घे. म्हणजे तुझी तक्रार किती जुनी आहे ते कळेल.)

तर टॉयलेट. यावर मला खरंच राग येतो. बायकांसाठी वेगळं, कामाच्या वेळात केव्हाही सहज जाता येईल असं स्वच्छतागृह देणं १९४८पासून कारखानदारावर बंधनकारक आहे. ॲडमिन बिल्डिंगमध्ये आहे म्हणून ते तुला सोयीचं होत नाही. आठ मशिनं चालू असताना जाऊन-येऊन वीस मिनिटं कोण देणार? माझ्या वेळी स्टोअरमध्ये सेफ्टी शूज सात नंबरपासून सुरू व्हायचे, मी पुढच्या टोकाला कापूस कोंबून वर्ष काढलं आणि कुणाला बोलले नाही, कारण वाटायचं, बोललं तर "म्हणूनच बायका नकोत" म्हणतील. तुमच्या पिढीनं ही भीती सोडून द्यावी. हा विषय सेफ्टी कमिटीत मांड, एकटीनं नाही, ट्रेनी मुलींना आणि कँटीनच्या, हाउसकीपिंगच्या मावशींना बरोबर घेऊन. त्या मावशी तुझ्याइतकाच त्रास सोसतायत आणि त्यांना मेल लिहिता येत नाही. कमिटीच्या इतिवृत्तात विषय एकदा नोंदला गेला की तो पुढच्या ऑडिटलाही दिसतो, आणि ऑडिटला दिसणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पटकन होतात.

व्हॉट्सॲप ग्रुपचं थोडक्यात सांगते. स्क्रीनशॉट ठेव, तारखेसकट. कामाच्या ग्रुपवर अश्लील मजकूर टाकणं २०१३च्या कायद्याखाली लैंगिक छळात मोडू शकतं. दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत अंतर्गत समिती असायलाच हवी आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, म्हणून उशीर करू नकोस. तक्रार करायची की आधी ग्रुपच्या ॲडमिनला "हे बंद करा" असं सरळ ग्रुपवरच लिहायचं, ते तू ठरव. मी असते तर आधी ग्रुपवर लिहिलं असतं.

आयटीबद्दल तुझ्या मिस्टरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना एवढं विचार: त्यांच्या टीममध्ये बाळंतपणाहून परत आलेल्या मुलींना प्रोजेक्ट मिळायला किती वेळ लागला? रात्री साडेनऊचे अमेरिकेचे कॉल कुणाला जमतात आणि त्या वेळी कुकर कोण लावतं? तिकडे सगळं सुखाचं आहे हा समज बाहेरून बघणाऱ्यांचा. तुला कोडिंग आवडत असतं तर मी म्हटलं असतं, जरूर जा. पण चार वर्षांचं मशीनिंग मातीमोल करून शून्यापासून मॅन्युअल टेस्टिंग? त्या रांगेत तुझ्याहून पाच वर्षांनी लहान पोरं उभी आहेत. कॉम्प्युटरकडे वळायचंच असेल तर मशीन घेऊन वळ. पीएलसी, रोबोट प्रोग्रॅमिंग, कॅम सॉफ्टवेअर, शॉप फ्लोअरचा डेटा बघणाऱ्या सिस्टिम, इथे ज्याला कूलंटचा वास माहीत आहे त्याला मान आहे.

सासूबाईंच्या नाकाचा प्रश्न मला तुलनेनं सोपा वाटतो. कपडे कंपनीत बदल, लॉकर नसेल तर तोही माग. पण मिस्टरांशी बोलणं गरजेचं आहे. ते प्रेमानंच सांगतायत, फक्त तुला काय हवंय ते त्यांनी विचारलेलं दिसत नाही, आणि तूही सांगितलेलं दिसत नाही. पत्रात सहा व्हीएमसी आणि सेटअपच्या मिनिटांबद्दल जसं लिहिलंस तसं त्यांच्याशी कधी बोललीस का? कंपनीचा फॅमिली डे असतो ना, त्या दिवशी दोघांनाही शॉपमध्ये ने. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळचा डबा आणि घरचं काम कोण करणार हेही आधीच ठरवून घे. रात्रभर शॉप चालवून सकाळी पोळ्या लाटायच्या असं ठरलं तर तू तीन महिन्यांत आडवी होशील आणि सगळे म्हणतील, "बघ, झेपत नव्हतंच."

आता शॉपमधली एक गोष्ट, जी तुला कुणी शिकवणार नाही. पाळी बदलताना रजिस्टरमध्ये "ओके" लिहिलेलं असतं आणि खरी बातमी गेटबाहेरच्या टपरीवर सिगरेटबरोबर सांगितली जाते: तीन नंबरचा टूल हलतोय, ऑफसेट मारून (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती भरून) कसंबसं चालवलंय. तू टपरीवर नसतेस, म्हणून पहिल्या तासात जे रिजेक्शन येतं ते तुझ्या नावावर पडतं. टपरीवर जायची गरज नाही. दहा मिनिटं आधी पोच, मशीनवर ऑफसेटचं पान उघड आणि वेअरचे (टूलच्या झिजेचे) आकडे कालच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघ. एखाद्या टूलचा आकडा नेहमीपेक्षा जास्त सरकलेला दिसला की ऑपरेटर काकांना विचार, "रात्री बोअर (पीसमधलं भोक) मोठा येत होता का?" काका आधी तुझ्याकडे बघतील, मग खरं सांगतील. आणि पहिला पीस स्वतःच्या हातानं बोअर गेजवर लाव, दुसऱ्यानं सांगितलेलं रीडिंग लिहू नकोस. महिनाभर असं केलंस की टपरीवरच तुझी चर्चा सुरू होईल, आणि ती ग्रुपवरच्या विनोदांपेक्षा बरी असेल. ती वहीही जपून ठेव. अप्रेझलला तीच कामी येते, दुसरीकडे मुलाखतीलाही.

कारण हे सगळं करूनही कंपनी "नाही" म्हणू शकते. म्हटलंच तर वर्षभर वाट बघ, त्याहून जास्त नको. तळेगाव, रांजणगाव, नाशिकचं अंबड, संभाजीनगरचं वाळूज, सेटअप कमी करून दाखवणाऱ्या माणसाला या सगळीकडे काम आहे. मुलाखतीत पहिल्यांदा हेच विचार, "तुमच्याकडे रात्रपाळीला महिला इनचार्ज आहेत का?"

आणि सगळ्यात आधी, म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये जायच्याही आधी, या आठवड्यात डॉक्टरकडे जा. वर्षात दोनदा इन्फेक्शन झालंय, नुसत्या गोळ्या घेऊन भागवू नकोस, युरिन कल्चर करायचं का ते विचार. पाण्याची बाटली मशीनपाशी ठेव. टॉयलेट होईपर्यंत दर दोन तासांनी ॲडमिन बिल्डिंगपर्यंत चालत जा, आणि त्या वीस मिनिटांत सेल कोण बघणार ते साहेबांनाच ठरवू दे.